ऑफ

सातवी ब. खिडकीजवळच्या बाकावरून
निनाद घाडी उठतो, हात वर न करताच.
"बाई, लाईट ऑफ झाली म्हणजे गेली.
मग धड्यात अलार्म ऑफ झाला
तो वाजला कसा?"

वर्ग हसतो. खडू शोधायच्या निमित्ताने
मी पाठ फिरवते.
अठरा वर्षं नायगावच्या या शाळेत,
आणि हा दीड वीत शब्द
अजून शेपूट हाती लागू देत नाही.

फळ्यावर लिहिते :
टेक ऑफ, बूट काढणे.
टेक ऑफ, विमानाने उडणे.
"म्हणजे विमान जमीन काढून ठेवतं," मागून कुणीतरी.
मी ते खोडत नाही.

आमच्या घरी हा शब्द इंग्रजी नव्हताच.
बाबांच्या खाकी खिशातून, टेस्टरला चिकटून
तो रोज भोईवाड्याला यायचा.
बेस्टच्या सबस्टेशनात फिटर. बुधवार त्यांचा ऑफ.
बुधवारी आईचा मूड ऑफ,
कारण घरातला प्रत्येक स्क्रू त्यांना सैल दिसायचा.
संध्याकाळी गॅलरीत पोरं जमवून
ऑफ ब्रेक कसा वळतो ते दाखवायचे.
तो वळायचा, आणि थेट पावसकरांच्या
लोणच्याच्या बरणीत.
एका दिवाळीला तीस टक्के ऑफमधला सदरा आणला.
आई म्हणाली, रंग विटलाय.
बाबा म्हणाले, ह्याला ऑफ व्हाईट म्हणतात.

शिकवली त्यांनी मला एकच गोष्ट.
मी नऊ वर्षांची, जिन्याखालच्या मीटरपाशी
बॅटरी धरून उभी.
"पाटीवर ऑफ लिहिलंय ना, त्याच्यावर जायचं नाही.
बटण खाली आहे, त्याच्यावरही नाही.
आधी टेस्टर.
जुने लोक उलटा हात लावून बघायचे.
सुलट्या हाताची करंट मूठ वळवतो, मग सोडत नाही.
उलटा हात फेकून देतो.
तू नाही लावायचा. पण माहीत असू दे."
वरून आई ओरडली, पोरीला काय काय सांगताय!

गेल्या वर्षी, चौथ्या तासाला,
माझा ऑफ तास होता, वह्या तपासत होते,
गजू पावसकरचा फोन.
"ताई, लवकर ये. काका ऑफ झाले."

आमच्याकडे असंच म्हणतात.
वारले म्हणायला जीभ रेटत नाही,
हे तोंडातल्या तोंडात होऊन जातं.
टॅक्सीत बसल्यावर मला त्या शब्दाचाच राग आला.
माणूस काय बोर्डावर असतो?

घरी पंखा फिरत होता. बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.
डॉक्टर टीपॉयवर कागद भरत होते.
पाटीवर लिहिलं जात होतं.
मी खाली बसले, आणि सगळ्यांदेखत
त्यांच्या कपाळाला उलटा हात लावला.
बायकांना वाटलं, सवयीने ताप बघतेय.

कपाळ अजून कोमट होतं.
मी बराच वेळ धरून ठेवला.
हात फेकला गेला नाही.

निनाद उभाच आहे.
त्याला काय सांगू, की रिटायर झाल्यावरही
बाबांचा गजर पहिल्या पाळीचाच होता,
आणि आई अजून रोज रात्री त्याला चावी देते?
पहाटे पावणेपाचला तो ऑफ होतो.
आई उठते, चाचपडत जाते, ऑफ करते.
मग चहाचं पाणी ठेवते,
दोन कप. एक मी पिते.

"बस," मी म्हणते. "दोन्ही बरोबर आहेत."
तो बसतो, पण पटलेलं नाही.
फळ्यावरचं विमान पुसायचं राहून जातं.